छापील जाहिरातीत क्यूआर कोड: पत्ता ठरवण्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

जाहिरातीतला क्यूआर कोड चालला नाही की दोष वाचकाच्या फोनला दिला जातो. खरी चूक त्याआधीच, कामाच्या क्रमात झालेली असते. मजकूर लिहून होतो, फोटो बसतो, लोगो बसतो आणि कोपऱ्यात उरलेल्या जागेत शेवटच्या घाईत कोड चिकटवला जातो. वेबपानावरची चूक पाच मिनिटांत सुधारता येते, छापून वाटलेल्या प्रतींवरची येत नाही. म्हणून क्रम उलटा हवा: आधी पान, मग त्याचा पत्ता, मग कोड, मग कोडला लागणारी जागा आणि त्यानंतर बाकीची मांडणी.

पुढे एक शब्द वारंवार येईल. कोड ज्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा बनतो त्यातल्या एकेकाला इथे ‘घर’ म्हटले आहे, बुद्धिबळाच्या पटावर म्हणतात तसे. पूर्ण कोड किती सेंटिमीटरचा आहे यापेक्षा त्यातले एक घर किती मिलिमीटरचे छापले गेले, यावर कोड वाचला जाणे अवलंबून असते. खालचे बरेचसे नियम याच एका गोष्टीतून निघतात.

१. कोड उघडेल ते पान आधी तयार करा

कोड नेहमी फोनवर उघडतो. त्यामुळे पान फोनच्या पडद्यासाठीच बनवलेले हवे. संस्थेच्या मुखपृष्ठावर कोड नेऊ नका. वाचकाने एका विशिष्ट वस्तूची किंवा कार्यक्रमाची जाहिरात पाहिली आहे. त्याला मुखपृष्ठावर सोडले तर तीच गोष्ट त्याला पुन्हा शोधावी लागते, आणि तेवढे कष्ट फार थोडे लोक घेतात. जाहिरातीत जे सांगितले तेच पानाच्या पहिल्या पडद्यावर, त्याच शब्दांत दिसू द्या.

मोठी पीडीएफ फाइल थेट उघडणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. ती फोनवर सावकाश उतरते, अक्षरे बारीक दिसतात आणि काही फोनांत ती उघडण्याऐवजी नुसती साठवली जाते. माहितीपत्रक द्यायचेच असेल तर आधी साधे पान ठेवा आणि त्यावर ते उतरवण्याचे बटण द्या.

पान सुरक्षित जोडणीवर, म्हणजे एचटीटीपीएसवर हवे. या जोडणीसाठी संकेतस्थळाला लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत जाहिरातीच्या काळात संपत नाही ना, हे पाहून ठेवा. मुदत संपली की ब्राउझर पान दाखवण्याऐवजी लाल इशारा दाखवतो.

तपासा: ऑफिसच्या वायफायवरून नव्हे, मोबाइल डेटावरून पान उघडा, तेही लॉग-इन नसलेल्या ब्राउझरमध्ये. आतल्या जाळ्यातच उघडणारी किंवा परवानगी मागणारी पाने तपासणीत सर्रास निसटतात, कारण तपासणारा आधीच आत असतो.

२. छापायचा पत्ता ठरवा

कोडमध्ये पानाचा खरा, लांबलचक पत्ता भरू नका. तुमच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे संस्थेने नोंदवलेल्या संकेतस्थळाच्या नावावर, एक छोटा पत्ता तयार करा आणि तो सर्व्हरवरून खऱ्या पानाकडे वळवा. याचे दोन फायदे आहेत. पत्ता छोटा असला की कोडमधली घरे कमी होतात आणि प्रत्येक घर मोठे छापता येते. शिवाय छापून झाल्यावर पान बदलायचे ठरले तर फक्त वळण बदलावे लागते, छापलेला कोड तसाच चालतो.

वळण लावताना ३०२ प्रकारचे, म्हणजे तात्पुरते वळण निवडा. ३०१ हे कायमचे वळण ब्राउझर लक्षात ठेवू शकतो. मग तुम्ही पुढे पान बदलले तरी ज्याने एकदा स्कॅन केले आहे त्याचा फोन जुन्याच पानावर जात राहतो. ही चूक लवकर सापडत नाही, कारण नव्या वाचकांना सगळे ठीक दिसत असते.

‘डायनॅमिक कोड’ विकणाऱ्या सेवा नेमके हेच करतात. कोडची जात तीच असते. त्यात त्या कंपनीचा छोटा पत्ता भरलेला असतो आणि तो पुढे तुमच्या पानाकडे वळतो. सोय चांगली आहे, पण दोरी दुसऱ्याच्या हातात जाते. चाचणीचा काळ संपला, वर्गणी थकली किंवा सेवा बंद पडली की छापलेला प्रत्येक कोड एकाच वेळी मरतो. मोफत म्हणून बनवलेला कोड काही दिवसांनी ‘खाते निष्क्रिय आहे’ असे पान उघडू लागतो, तो यामुळेच. स्वतःचे डोमेन असेल तर वळण स्वतःकडेच ठेवावे, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

पत्ता लिहिताना पाळायच्या गोष्टी:

– सुरुवातीचे ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढची चिन्हे गाळू नका. ती नसली तर काही वाचक-ॲप पत्त्याला साधा मजकूर समजतात आणि लिंक उघडतच नाही.

– पत्त्यात देवनागरी अक्षरे ठेवू नका. बाइट हे माहिती मोजण्याचे एकक. लॅटिन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना-मात्रा त्यात वेगळ्या मोजल्या जातात. पत्त्याचे टक्क्याच्या चिन्हांत (प्रत्येक बाइटसाठी ‘%’ आणि दोन अक्षरे) रूपांतर झाले तर एकेका चिन्हाची नऊ अक्षरे होतात. दिसायला छोटा वाटणारा पत्ता कोडला भलताच दाट करतो.

– शून्य आणि ओ, एक आणि लहान एल अशा गोंधळाच्या जोड्या टाळा. हाच पत्ता तुम्ही कोडखाली छापणार आहात आणि कुणीतरी तो हाताने टाइप करणार आहे.

– डोमेनच्या नावात लहान-मोठ्या लिपीने (इंग्रजी स्मॉल-कॅपिटल अक्षरांनी) फरक पडत नाही, पण तिरक्या रेघेनंतरच्या भागात अनेक सर्व्हरवर पडतो. सर्व्हरवर दोन्ही रूपे चालतील अशी सोय करून ठेवा.

– वृत्तपत्र, मासिक, हँडबिल, पोस्टर अशा प्रत्येक माध्यमासाठी शेवटचे एक-दोन अक्षर बदलून वेगळा पत्ता घ्या. भेट कोणत्या जाहिरातीतून आली हे मोजण्यासाठी पत्त्याच्या शेवटी जोडतात ते यूटीएम शेपूट कोडमध्ये न भरता वळणाच्या पुढच्या पत्त्यात जोडा.

सावधान: पत्ता ई-मेलमधून किंवा दस्तऐवजातून कॉपी करताना शेवटी एखादी मोकळी जागा, ओळतोड किंवा न दिसणारे चिन्ह चिकटून येते. तेही कोडमध्ये भरले जाते आणि पान ‘सापडत नाही’. पत्ता आधी साध्या मजकुराच्या संपादकात चिकटवा, अक्षरे मोजा आणि मगच पुढे न्या.

३. कोड तयार करा

क्यूआर कोडच्या ४० आवृत्त्या असतात. पहिलीत एका बाजूला २१ घरे, नंतर प्रत्येक आवृत्तीला चार-चार वाढत चाळिसावीत १७७. किती मजकूर भरला आणि दुरुस्तीची पातळी कोणती निवडली यावर आवृत्ती ठरते. दुरुस्तीच्या पातळ्या चार आहेत: एल साधारण ७ टक्के, एम १५ टक्के, क्यू २५ टक्के आणि एच ३० टक्के खराब झालेला भाग भरून काढू शकते.

‘जास्त दुरुस्ती म्हणजे जास्त सुरक्षित’ असे वाटून सरसकट एच पातळी निवडली जाते. दुरुस्तीची माहितीही त्याच चौकटीत बसवावी लागते, म्हणून घरे वाढतात आणि तेवढ्याच जागेत ती लहान होतात. २६ अक्षरांचा पत्ता एम पातळीवर २५ घरांच्या कोडमध्ये बसतो. तोच एच पातळीवर ३३ घरांचा होतो. कोड २ सेंटिमीटरचा असेल तर एका घराचा आकार ०.८ मिलिमीटरवरून ०.६ वर येतो. वृत्तपत्राच्या कागदावर धोका बहुधा ओरखड्याचा किंवा डागाचा नसतो. शाई पसरून लहान घरे एकमेकांत मिसळण्याचा असतो. तिथे मोठे घर कामाचे, जास्त दुरुस्ती नव्हे.

आमची निवड अशी: वृत्तपत्र, मासिक, हँडबिल यांसाठी एम. उन्हापावसात राहणारे पोस्टर, हाताळले जाणारे वेष्टन किंवा स्टिकर यांसाठी क्यू. मधोमध लोगो घालायचाच असेल तर एच.

पत्त्याच्या लांबीचा परिणाम किती होतो ते एम पातळीवरच्या या आकड्यांत दिसते. २६ अक्षरांपर्यंत २५ घरे, ४२ पर्यंत २९, ६२ पर्यंत ३३, ८४ पर्यंत ३७ आणि १०६ पर्यंत ४१. मोजणीचे शेपूट लावलेला २०० अक्षरांचा पत्ता ५७ घरांवर जातो. २ सेंटिमीटरच्या कोडमध्ये मग एक घर जेमतेम ०.३५ मिलिमीटरचे उरते. कोड ‘बारीक जाळीसारखा’ दिसू लागला की समजावे, पत्ता छोटा करायची वेळ झाली.

पूर्ण पत्ता मोठ्या लिपीत दिला, आणि त्यात अंक, विरामबिंदू, तिरकी रेघ, अपूर्णविराम, आडवी रेघ यांच्या पलीकडे फारसे काही नसेल, तर कोड अक्षरे अधिक दाटीने भरू शकतो. दुसऱ्या आवृत्तीत एम पातळीवर २६ ऐवजी ३८ अक्षरे मावतात. प्रश्नचिन्ह, अधोरेषा किंवा बरोबरीचे चिन्ह या संचात नसते. ही युक्ती वापरायची तर सर्व्हरवर मोठ्या लिपीतला पत्ता चालतो याची खात्री आधी करा.

नाव, फोन, पत्ता असे संपर्काचे सगळे तपशील थेट कोडमध्ये भरण्याचा मोह टाळा. कोड दाट होतो आणि फोन नंबर बदलला तर दुरुस्तीची वाटच राहत नाही. त्याऐवजी ते तपशील असलेल्या पानाचा छोटा पत्ता भरा.

लोगोबद्दल थोडे सविस्तर. लोगोने झाकलेला भाग कोडच्या दृष्टीने खराब झालेला भाग असतो. एच पातळीचे ३० टक्के म्हणजे क्षेत्रफळाचे ३० टक्के झाकायची मुभा नव्हे. लोगोने दुरुस्तीची क्षमता खाऊन टाकली की छपाईतल्या दोषासाठी, घडीसाठी, चमकेसाठी काही शिल्लक राहत नाही. लोगो क्षेत्रफळाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, बरोबर मध्यावर ठेवा, आणि तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन तसेच त्यांना जोडणारी एकाआड एक काळ्या-पांढऱ्या घरांची ओळ यांना अजिबात हात लावू नका. फोन कोड शोधतो तो या खुणांवरून, आणि दुरुस्तीची सोय त्यांना लागू नाही. घरे गोल करणे, कोपऱ्यातले चौकोन फुलांच्या आकाराचे करणे यातूनही वाचनाची खात्री कमीच होते.

तपासा: तयार कोड पडद्यावरूनच स्कॅन करा आणि निघालेला पत्ता अक्षर-अक्षर जुळवा. ‘उघडले’ एवढ्यावर थांबू नका. दोन माध्यमांचे पत्ते एका अक्षराने वेगळे असतात आणि दोन्हींवरून एकच पान उघडते, त्यामुळे अदलाबदल डोळ्यांना दिसत नाही.

४. आकार आणि मोकळी जागा ठरवा

आता मांडणीकाराकडून जागा मागायची. ढोबळ हिशेब असा: वाचक जितक्या अंतरावरून स्कॅन करेल त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी कोडची रुंदी. हातातले पत्रक २५ सेंटिमीटरवरून पाहिले जाते, तर कोड २.५ सेंटिमीटरचा. दोन मीटरवरून वाचायच्या पोस्टरवर २० सेंटिमीटरचा. हा हिशेब साधारण २५ घरांच्या कोडसाठी आहे. घरे जास्त असतील तर त्याच प्रमाणात रुंदी वाढवा. ४९ घरांच्या कोडला जवळजवळ दुप्पट रुंदी लागेल.

दुसरी मर्यादा छपाईची. गुळगुळीत कागदावर एक घर ०.५ मिलिमीटरपेक्षा लहान नको. वृत्तपत्राच्या कागदावर ०.८ मिलिमीटर धरा, एक मिलिमीटर मिळाले तर उत्तम. दोन हिशेबांतून जो आकार मोठा येईल तो घ्या.

कोडभोवती चारही बाजूंनी चार घरांइतकी कोरी जागा हवी. ही शोभेसाठी सोडलेली जागा नाही. कोड कुठे संपतो हे फोनला तिच्यावरून कळते. सर्वांत जास्त गडबड इथेच होते. मांडणीकाराला ‘२ सेंटिमीटर जागा’ सांगितली की तो कोरी जागा त्याच दोन सेंटिमीटरात धरतो. २५ घरांच्या कोडला दोन्ही बाजूंची चार-चार मिळून ३३ घरांची जागा लागते, म्हणजे प्रत्यक्ष कोड १५ मिलिमीटरचाच उरतो. म्हणून मागणी दोन आकड्यांत लेखी द्या: काळ्या भागाची रुंदी इतकी, कोऱ्या जागेसह इतकी. ०.८ मिलिमीटरच्या घराला हे आकडे २० आणि २६.४ मिलिमीटर येतात.

सावधान: कोडभोवती चौकट काढायची असेल तर ती कोऱ्या जागेच्या बाहेर. ‘स्कॅन करा’ ही ओळ, बाण, फोनचे चित्र, सगळे तिच्या बाहेरच. आणि कोड ताणून लांबट करू नका. रुंदी-उंची कुलूपबंद ठेवूनच आकार बदला.

५. रंग आणि फाइल

काळा कोड, पांढरा कागद. रंगीत कोड चालू शकतो, पण फोन रंग पाहत नाही, गडद-फिके पाहतो. गडद निळा, गडद हिरवा, गडद तपकिरी चालतात. पिवळा, नारिंगी, आकाशी, सोनेरी आणि चंदेरी फसतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरा कोडही टाळा. अनेक फोन तो वाचतात, सगळे वाचत नाहीत, आणि वाचकाकडे कोणता फोन आहे ते तुम्हाला माहीत नसते. फोटोवर किंवा रंगछटेवर कोड ठेवायचा तर खाली पांढरा चौकोन टाका, कोऱ्या जागेसकट.

‘काळा’ म्हणजे नेमके काय, यावर छपाईत बरेच बिघडते. संकेतस्थळावरून उतरवलेला कोड पडद्याच्या, म्हणजे आरजीबीच्या काळ्यात असतो. तो सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या सायन, मॅजेन्टा, पिवळा आणि काळा या चार शाईंत, आणला की त्याचा चार शाईंचा काळा होतो. एका प्रचलित रूपांतरात तो सायन ७५, मॅजेन्टा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के असा येतो. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी असते; या चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी घरांच्या कडांना रंगीत झालर येते आणि लहान घरे अस्पष्ट होतात. म्हणून कोड फक्त काळ्या शाईत, काळा १०० टक्के आणि बाकीचे तीन शून्य, असा ठेवा. मग प्लेटा हलल्या तरी कोडला काही होत नाही. काळा ७० टक्के अशी राखाडी छटाही नको. छटा ठिपक्यांच्या जाळीत छापली जाते आणि सरळ कडा दातेरी होतात. हेच कारण रंगीत कोडलाही लागू पडते. एखादा खास रंग हवाच असेल तर तो स्वतंत्र शाईने, पूर्ण १०० टक्के छापा.

फाइल एसव्हीजी, ईपीएस किंवा पीडीएफ अशी रेषाधारित (व्हेक्टर), म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहणारी, घ्या. जेपीईजी नको; तिच्या दाबण्याच्या पद्धतीमुळे कडांभोवती करडे धुके येते. पडद्यावरून काढलेला स्क्रीनशॉट तर मुळीच नको. चित्रफाइलच मिळाली असेल तर ती पीएनजी असू द्या, एका घराला पूर्णांकात पिक्सेल असू द्या, आणि आकार वाढवताना कडा मऊ करणारी पद्धत बंद ठेवा.

सावधान: मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडखालच्या पांढऱ्या चौकोनावर ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणे) चालू राहिले तर पडद्यावर तो दिसतो आणि छपाईत नाहीसा होतो. कोड मग थेट फोटोवर छापला जातो. जुनी काळी वस्तू पांढरी करून पुन्हा वापरली की हे घडते.

तपासा: अंतिम पीडीएफ उघडून ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करा. मग रंगांच्या प्लेटा वेगवेगळ्या पाहा. काळी प्लेट बंद केली की कोड पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. फिकट सावली उरली तर काळा अजून मिश्र आहे. खूप मोठे करून पाहिल्यावर घरांमध्ये पांढऱ्या बारीक रेघा दिसल्या तर सगळी घरे एकत्र जोडून एकच आकृती करा.

६. जागा आणि सोबतचा मजकूर

मासिकात कोड आतल्या बाजूला, शिवणीजवळ ठेवू नका. पान तिथे वळते आणि कोड वाकडा दिसतो. घडीच्या पत्रकात घडीच्या रेषेपासून, आणि सर्वत्र कापण्याच्या कडेपासून कोरी जागा धरून वर आणखी निदान पाच मिलिमीटर आत या. पिन, छिद्र, फाडायची रेघ यांपासूनही तेवढेच अंतर. वृत्तपत्रात मागच्या बाजूचा गडद मजकूर पातळ कागदातून डोकावतो. मागे काय येणार हे तुमच्या हातात नसते, म्हणूनच तिथे घराचा आकार सढळ ठेवायचा.

पोस्टरवर कोड छातीपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, जमिनीपासून साधारण १ ते १.५ मीटरवर हवा. पायाजवळचा कोड स्कॅन करायला कुणी वाकत नाही, आणि डोक्यावरचा कोड तिरका दिसतो. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचे प्रतिबिंब नेमके कोडवर पडते. मॅट फिनिश निवडा. बाटलीसारख्या गोल वस्तूवर कोड लहान ठेवा, म्हणजे त्याच्या दोन्ही कडा समोरून एकदम दिसतात. धावत्या वाहनाच्या पाठीवर किंवा वाहनचालकच पाहू शकेल अशा फलकावर कोड लावू नका. तो स्कॅन होत नाही, आणि कुणी प्रयत्न केला तर जीवावर बेतू शकते. तळघरात किंवा बोगद्यात लावताना तिथे नेटवर्क येते का ते पाहा.

कोडशेजारी नुसते ‘स्कॅन करा’ लिहून भागत नाही. काय मिळणार ते सांगा: ‘वेळापत्रक पाहा’, ‘जागा राखून ठेवा’, ‘जोडणीचा व्हिडिओ पाहा’. त्याखाली तोच छोटा पत्ता अक्षरांत छापा. फोनचा कॅमेरा बिघडलेल्या वाचकाला त्याचा उपयोग होतोच. शिवाय सावध वाचक स्कॅन केल्यावर पडद्यावर आलेले डोमेन छापलेल्या डोमेनशी ताडून पाहू शकतो. कोडांतून होणारी फसवणूक लोकांना ठाऊक झाली आहे. अनोळखी छोट्या-लिंक सेवेचे नाव दिसले की अनेकजण मागे फिरतात. स्वतःचे डोमेन वापरण्याचे हे आणखी एक कारण.

एका जाहिरातीत एकच कोड असावा. दोन कोड जवळजवळ असले की फोन दोघांत अडखळतो किंवा भलताच उचलतो.

७. छापण्यापूर्वीची चाचणी

ऑफिसच्या प्रिंटरवरची प्रत पुरावा नाही. लेझर प्रिंटरवर जवळपास कोणताही कोड वाचला जातो. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरून काळी घरे फुगतात आणि पांढरी आक्रसतात. चाचणी त्याच कागदावर, त्याच आकारात, शक्य तर त्याच यंत्रावर काढलेल्या प्रुफावर (मंजुरीसाठीच्या नमुना प्रतीवर) व्हायला हवी. ते जमत नसेल तर मुद्रकाकडून त्याच कागदावर आधी छापलेला एखादा कोड मागून घ्या आणि त्यातले घर मोजून तुमच्याशी तुलना करा.

चाचणी या क्रमाने करा:

१) किमान चार फोन घ्या. त्यात एक जुना, एक स्वस्त कॅमेऱ्याचा, एक आयफोन आणि एक अँड्रॉइड असावा. स्कॅनिंगचे खास ॲप वापरू नका. वाचक फोनचा साधा कॅमेराच उघडतो.

२) ठरवलेल्या अंतरावरून, मग त्याच्या निम्म्या आणि दीडपट अंतरावरून.

३) समोरून, मग साधारण ४५ अंशांच्या कोनातून.

४) भरपूर उजेडात, मंद दिव्यात आणि वाचकाची सावली कोडवर पडेल असे.

५) कागद थोडा वाकवून; घडीचे पत्रक असेल तर घडी घालून आणि उघडून.

दोन-तीन सेकंदांत पत्ता दिसला तर पास. ‘जरा हलवल्यावर झाले’ हे नापासच धरा. चार फोनांपैकी एकच अडला तर दोष त्या फोनचा मानू नका. आधी कोरी जागा मोजा, मग घर मोजा, मग काळा तपासा. बहुतेक वेळा याच क्रमाने कारण सापडते.

छपाई सुरू झाल्यावर पहिल्या काही प्रती, मधल्या काही आणि शेवटच्या काही तपासा. शाईचे प्रमाण छपाईदरम्यान बदलते. सुरुवातीला स्वच्छ असलेला कोड पुढे भरून जाऊ शकतो.

सावधान: प्रूफ मंजूर झाल्यावर कुणी फाइल पुन्हा निर्यात केली, पानाचा आकार बदलला किंवा जाहिरात लहान करून दुसऱ्या अंकात वापरली, तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या पानाची जाहिरात पाव पानात बसवताना कोडही आक्रसतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

८. छापून आल्यावर

ज्या दिवशी अंक निघतो त्या दिवशी सकाळी विकत घेतलेल्या प्रतीवरून स्कॅन करा. चाचणीचे स्कॅन मोजणीत मिसळू नयेत म्हणून छपाईपूर्वीचे आकडे बाजूला काढून ठेवा.

मोजणी छोट्या पत्त्यावर, म्हणजे वळणाच्या नोंदींतून करा. फक्त यूटीएमवर विसंबलात तर आकडा फुगतो: स्कॅन करून पान उघडलेला वाचक ब्राउझरमधला पत्ता, शेपटासकट, इतरांना पाठवतो आणि त्या सगळ्या भेटी छापील जाहिरातीच्या नावावर चढतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर प्रत्यक्ष स्कॅन किती आणि पुढे पाठवल्यामुळे आलेले किती, याचा अंदाज येतो. वळणाच्या नोंदींत यंत्रांच्याही, म्हणजे आपोआप पाने उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, भेटी असतात, त्या वगळा. वळणाची नोंद आहे पण पान पूर्ण उघडल्याची नाही, असे प्रमाण जास्त दिसले तर कोड ठीक आहे आणि पान सावकाश आहे. दोन्हीकडे जवळपास शून्य असेल तर ताजी प्रत हातात घेऊन सातव्या टप्प्यावर परत जा.

सार्वजनिक जागी लावलेल्या पोस्टरची अधूनमधून फेरी मारा. मूळ कोडवर दुसऱ्या कोडचा स्टिकर चिकटवून लोकांना फसव्या पानावर नेले जाते. बोटाने कडा चाचपून पाहा आणि स्कॅन करून पत्ता जुळवा. तुमचा कोड कागदाच्या एकाच थरात छापलेला असेल तर वर चिकटवलेला तुकडा हाताला लगेच लागतो. मूळ कोडच स्टिकर म्हणून लावला असेल तर फरक ओळखणे अवघड जाते.

मोहीम संपली तरी पत्ता बंद करू नका. मासिके प्रतीक्षागृहांत पडून असतात, पत्रके खणात राहतात, आणि स्कॅन करणाऱ्याला तारीख ठाऊक नसते. वळण एका साध्या पानाकडे न्या: ही योजना अमुक तारखेला संपली, सध्या काय उपलब्ध आहे ते इथे पाहा. डोमेनचे नूतनीकरण आपोआप होईल असे लावा आणि त्याची सूचना एका माणसाच्या नव्हे, संस्थेच्या ई-मेलवर येऊ द्या. सोडून दिलेले डोमेन दुसरा कुणीही घेऊ शकतो, आणि मग तुमच्या नावाने छापलेला प्रत्येक कोड त्याच्या पानावर जातो. प्रत्येक छोटा पत्ता कोणत्या अंकात, कोणत्या तारखेला, किती आकारात छापला आणि आज तो कुठे वळतो, याची एक नोंदवही ठेवा. पत्ता पुन्हा वापरायचा झाला तर आधी तीच उघडा. छापून गेलेला पत्ता दुसऱ्या कामाला लावू नका.